टाळूचं ठिगळ

९ जानेवारी

प्रिय टाचणी,

अनेक आशीर्वाद. ही फोन का करत नाही, असं तू म्हणशीलच. करते की! पण फोनवर तू "हं, हं" म्हणत दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडात बघत असतेस आणि माझं गाऱ्हाणं अर्ध्यावर राहतं. पत्र बरं. वाचणाऱ्याला पळता येत नाही.

तर गाऱ्हाणं असं. माझे खालचे पुढचे दोन दात लांब झालेत. हसू नकोस. साठी उलटल्यावर माणसाचं काही वाढत नाही, ही माझी समजूत होती. गेल्या महिन्यात शिवणाच्या दुकानात एका गिऱ्हाइकाच्या कोटाला बटण लावलं आणि सवयीने दोरा दाताने तोडायला गेले. दोरा तुटेना, दातच हलल्यासारखा वाटला. कळ थेट कानापर्यंत गेली. तुझ्या काकांनी घड्याळं दुरुस्त करायचं भिंग डोळ्याला लावून पाहिलं आणि निकाल दिला, "दात वाढलेला नाही. हिरडी खाली सरकलीय. पट्टा सैल झालाय." या माणसाला आख्ख्या जगाचा पट्टा सैल दिसतो.

शेजारच्या दुकानातून एक चूर्ण आणलं. डबीवर लिहिलंय, एकवीस दिवसांत हिरड्या पूर्ववत. आज बाविसावा दिवस. हिरडी आहे तिथेच आहे, बोट मात्र तपकिरी झालंय.

तू हिरड्यांची डॉक्टर. गेलेली हिरडी परत यायला काय लावायचं तेवढं सांग. शास्त्र नको, औषध सांग.

तुझी मावशी


१७ जानेवारी

ती. मावशी,

नमस्कार. आधी उठ आणि ती डबी कचऱ्यात टाक. टाकलीस? मग पुढे वाच.

हिरडी नखासारखी वाढत नाही. एकदा गेली की गेली, काहीही चोळलं तरी उगवत नाही. तुझ्या दातांच्या मागे वर्षानुवर्षं कीटण साचलं असणार, त्याने हिरडी सुजली, सैल झाली, खालचं हाडही थोडं खाल्लं गेलं. त्यात तू चाळीस वर्षं दात कात्रीसारखे वापरलेस. दाताचं जे मूळ झाकलेलं असायला हवं ते उघडं पडलंय, म्हणून दात लांब दिसतो आणि ठणकतो.

पहिलं काम, तिथल्याच एखाद्या दातांच्या डॉक्टरकडे जाऊन खोलवर साफसफाई करून घे. हिरडीच्या आतपर्यंत, मुळावरून. घाणीवर काहीही लावलं तरी टिकत नाही. दुसरं काम, एक छोटी कात्री विकत घे आणि दोरा तिनेच काप. तिसरं, एक्स-रे मला पाठव. दोन दातांमधलं हाड शाबूत असेल तर गेलेली हिरडी बऱ्यापैकी झाकता येते. टाळूवरची पातळ चकती काढून तिथे शिवतात. कधी शेजारचीच हिरडी सरकवून आणतात. कधी हिरडीखाली एक जेल किंवा पातळ पडदा ठेवतात, म्हणजे हाडाला आणि हिरडीला पुन्हा भरून यायला सवड मिळते. तुझ्यासाठी कुठलं ते बघून ठरवू.

ऑपरेशन आमच्याकडे मोठे सर करतात. त्यांचा हात फार चांगला आहे. काळजी करू नकोस.

तुझी टाचणी


२४ जानेवारी

प्रिय टाचणी,

डबी टाकली. कात्री घेतली, बोटाएवढी, टोकाला अशी धारदार की नुसती दाखवली तरी दोरा तुटावा. साफसफाईसुद्धा झाली. त्या डॉक्टरने माझ्या दातांमागून जे काही खरवडून काढलं ते मला ताटलीत दाखवलं. मी म्हटलं, झाका ते. आता दातांमध्ये फटी पडल्यासारखं वाटतंय आणि जीभ सारखी तिथेच जाते. एक्स-रे पाकिटात आहे.

आता शिवणकामाबद्दल. ठिगळ मला कळतं, त्यामुळे मला लहान मुलीसारखं समजावू नकोस. टाळूचं कापड हिरडीच्या रंगाचं निघेल का? धुतल्यावर आटेल का? जिथून काढणार तिथे भोक पडेल, त्याचं काय? आणि टाके आतून की वरून?

हे झाले किरकोळ प्रश्न. मोठा प्रश्न एकच. "ऑपरेशन मोठे सर करतात." गेल्या वर्षी तूच मला लिहिलं होतंस की तू अकरा जणांच्या हिरड्या शिवल्यास, आणि प्रत्येकाचं वर्णन दोन-दोन पानं केलं होतंस. मला सगळ्यांच्या टाळूंची ओळख झाली होती. आता सर कुठून आले?

शिवणारी बाई सुईबद्दल बोलायची थांबली की काहीतरी बिनसलेलं असतं. सांग.

मावशी


२ फेब्रुवारी

ती. मावशी,

एक्स-रे पाहिला. हाड चांगलं आहे. रंग थोडा फिका राहील, ठिगळ थोडं आटेल, ते धरूनच मोठं कापतात. टाळूचं भोक दोन-तीन आठवड्यांत आपोआप भरतं, गरम चहाने पोळल्यासारखं दुखतं तेवढंच. टाके वरून.

झाले किरकोळ प्रश्न.

मोठ्या प्रश्नाचं उत्तर देताना मला लाज वाटतेय. बारावा पेशंट एक बसचा वाहक होता. इतका सालस माणूस, की तोंडात दोन-दोन नळ्या असतानाही "थँक्यू" म्हणायचा प्रयत्न करायचा. त्याचं ठिगळ मी शिवलं. नवव्या दिवशी तो आला आणि खिशातून तिकिटाच्या कागदाची पुडी काढून माझ्या हातात देत म्हणाला, "डॉक्टर, हे तुमचं पडलं होतं." आत ते ठिगळ होतं, पांढरंफटक.

तो रागावला नाही, मावशी. त्यानेच माझी समजूत घातली. तेव्हापासून सुई हातात घेतली की बोटं गार पडतात. ऑक्टोबरपासून मी फक्त साफसफाई करते आणि विद्यार्थ्यांना शिकवते. सर काही बोलत नाहीत, पण शिवायची वेळ आली की मी नेमकी कुठलीतरी फाईल शोधायला जाते हे त्यांना कळलेलं आहे. माझ्या गाठी टिकत नाहीत, एवढंच मला कळतं.

तू ये. सर तुझं छान करतील. मी शेजारी उभी राहीन.

टाचणी


८ फेब्रुवारी

प्रिय टाचणी,

मी शिवलेल्या पहिल्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या झाल्या होत्या. गिऱ्हाईक तो घालून दुकानात उभं राहिलं तेव्हा दोन्ही हात एकाच बाजूला वळलेले. मी तीन दिवस माळ्यावर लपून बसले होते. चौथ्या दिवशी भूक लागली म्हणून खाली आले आणि बाही उसवली. यापलीकडे मला उपदेश येत नाही.

मी येतेय. माझी अट अशी की शिवायचं तू. तुझ्या सरांनी हवं तर बाजूला उभं राहावं, पण सुईला हात लावायचा नाही. दुसऱ्या कुणी माझ्या तोंडात सुई घातली तर मी चावेन, दोन दात हलत असले तरी बाकीचे ठणठणीत आहेत.

तारीख कळव.

मावशी


३ एप्रिल

ती. मावशी,

हे पत्र मी तुझ्या पिशवीत ठेवतेय. तुला बोलायला बंदी आहे आणि गाडीत आठ तास काढायचेत. तू उलट उत्तर देऊ शकत नाहीस अशी संधी मला जन्मात पुन्हा मिळणार नाही, म्हणून एकदाच सगळं सांगून टाकते.

काल पहिल्या टाक्याला माझी बोटं पुन्हा गार पडली आणि सुई अडली. सर एक पाऊल पुढे आले होते. तुझे डोळे मिटलेले होते, पण तू चाचपडत माझ्या एप्रनचं टोक चिमटीत धरलंस, दुकानात कापडाचा पोत बघतेस तसं. मग सुई पुढे सरकली. सातही टाके मीच घातले, आणि सर हात मागे बांधून उभे राहिले. घरी आल्यावर मी रडले, पण आनंदाने.

आता नीट वाच. पहिले काही दिवस ते ठिगळ नुसतं खालच्या ओलाव्यावर जगतं. मग हळूहळू त्यात रक्त शिरतं. तेवढ्यात ते जरासुद्धा हललं तर मेलं. म्हणून तिथे ब्रश लावायचा नाही. गरम, कडक, तिखट काही खायचं नाही. जीभ लावायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खालचा ओठ ओढून आरशात बघायचं नाही. एकदाही नाही. ते पांढरं दिसेल, सुजेल, पिवळट होईल, होऊ दे. बघून ते बरं होत नाही.

तेरा तारखेला टाके काढू. काका, तुम्ही लक्ष ठेवा.

टाचणी


८ एप्रिल

प्रिय टाचणी,

मी अगदी शहाण्यासारखी वागतेय. सकाळी कोमट सूप, दुपारी दही, संध्याकाळी पुन्हा सूप. तुझे काका समोर बसून टोस्ट खातात आणि आवाज होऊ नये म्हणून आधी चहात बुडवतात. एवढा प्रेमळ माणूस मला आजवर दिसला नव्हता. बोलायचं नाही म्हणून मी गिऱ्हाइकांना पाटीवर लिहून दाखवते. खांद्यात सैल, एवढं लिहिलं की काम भागतं. चाळीस वर्षं उगाच बडबडले, असं वाटायला लागलंय.

तुझं कौतुक करायला हे पत्र. टाके सुरेख आलेत, सातही, आणि मधलं अंतर असं की पट्टी लावून बघावं. दोरा काळा का घेतलास कळलं नाही, पण असेल तुमची रीत. बाकी सगळं ठीक. विशेष काहीही नाही.

मावशी


१४ एप्रिल

ती. मावशी,

काल तू होतीस तोवर मी हसत राहिले. आज लिहिते.

टाके सहाच होते. डाव्या कोपऱ्यातला सातवा नव्हता, आणि तिथली कड उचललेली होती, पांढरी. तू म्हणालीस, "मला काय कळतंय, तू बघ." मी बघितलं. तोच पांढरा रंग. वाहकाच्या पुडीतला.

बाकीचं ठिगळ गुलाबी आहे, सर म्हणाले की बहुतेक टिकेल. ते चांगले आहेत, चांगलंच बोलतात. पण गाठ माझीच सुटली, मावशी. सात टाक्यांत एक गाठ सुटत असेल तर मी लोकांच्या तोंडात सुई घालू नये. तुझ्या तोंडात तर नाहीच नाही.

तुला दुखतंय का?

टाचणी


१८ एप्रिल

प्रिय टाचणी,

दुखत नाही. आणि काहीतरीच काय? तो टाका टोस्टने गेला असणार. मी एक दिवस काकांचा टोस्ट खाल्ला. अर्धा. म्हणजे एक घास. तू मनाला लावून घेऊ नकोस. गाठ सुटली म्हणून कोणी सुई टाकत नाही.

इथे सगळे मजेत. तुझे काका सध्या माझ्याशी फारसं बोलत नाहीत, त्यांच्याकडे घड्याळं फार आलीत.

मावशी


२१ एप्रिल

ती. मावशी,

टोस्टने टाका सुटत नाही. टोस्टने सुटला असता तर बाजूची हिरडीही खरचटली असती. तू माझ्यासाठी खोटं बोलतेयस हे कळतंय, आणि तुला ते जमत नाही हेही. पण खोट्याने गाठ बसत नाही.

एक जुनी गोष्ट सांगते. मी नऊ वर्षांची असताना तुझ्या दुकानात एका फ्रॉकची खालची दुमड घातली होती. तू म्हणालीस, "छान गं!" मी खेळायला पळाले आणि चेंडू आणायला परत आले, तर खिडकीतून दिसलं की तू माझे सगळे टाके उसवत होतीस. मग तू ती दुमड पुन्हा घातलीस. मी कधी बोलले नाही. मला वाटायचं, मोठी झाले की माझा हात सुधारेल. तुला तेव्हाच कळलं होतं, मला आता कळलं, एवढाच फरक.

मी सरांना अर्ज लिहिला आहे. मला एक्स-रे विभागात बदली हवी. तिथे सुई नसते. एक तारखेला देणार आहे. आईला अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

टाचणी


२४ एप्रिल

प्रिय टाचणी,

अर्ज देऊ नकोस. हे पत्र संपेपर्यंत तरी देऊ नकोस.

फोन उचलला होता, पण तोंडाने सांगवेना, म्हणून लिहिते. सातवा टाका मी कापला.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी खालच्या ओठाला आतून काहीतरी टोचत होतं. मी ओठ ओढून आरशात पाहिलं. होय, ओढला. एकदा नाही, रोजच ओढत होते. मग मला दिसलं, की तू प्रत्येक गाठीला दोऱ्याची टोकं ठेवलीस, चांगली तांदळाच्या दाण्याएवढी. अगं, माझ्या दुकानातून दोऱ्याचं टोक लोंबणारा रुमालसुद्धा कधी बाहेर गेलेला नाही! माझ्याच तोंडात अशी टोकं लोंबताहेत आणि मी सूप पीत बसायचं? मला वाटलं, पोरगी घाईत विसरली. तिला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून आपणच नीट करून टाकावं. डाव्या कोपऱ्यातलं टोक सगळ्यात लांब होतं. मी कात्री घेतली. तीच, जी तू मला घ्यायला लावलीस. काकांना भिंग धरायला लावलं आणि टोक अगदी गाठीलगत कापलं.

संध्याकाळपर्यंत गाठ उलगडली. मग मी काकांचा चिमटा घेऊन ती पुन्हा बांधायला गेले. कड उचलली गेली, रक्त आलं आणि माझ्या जिवाचं पाणी झालं. ओठ मिटून मूग गिळून बसले. पुढच्या दिवशी तुला पत्र लिहिलं, विशेष काहीही नाही म्हणून. तेरा तारखेला तुझ्या हसण्याआडचा पडलेला चेहरा पाहिला आणि तरी माझी दातखीळ बसली. तुझ्या सरांसमोर मला चोर म्हणवून घ्यायचं नव्हतं. असली मी.

तुझी गाठ सुटली नव्हती. तुझ्या गाठीला मी हात लावला.

आणि तो फ्रॉक. ती दुमड वाईट नव्हती गं. नऊ वर्षांच्या मुलीची होती, दोन बोटं इकडेतिकडे. गिऱ्हाइकाने पाहिलंही नसतं. पण मला दुसऱ्याचा टाका बघवत नाही. तुझ्या आईचे स्वेटर मी उसवलेत. काकांनी लावलेली बटणं उसवलीत. हा माझ्या हाताचा रोग आहे, तुझ्या हाताचा नाही, आणि तो तुला कधी सांगितला नाही ही माझी चूक. मला वाटलं, तू पाहिलंच नाहीस. इतकी वर्षं तू ते मनात घेऊन हिंडत असशील असं वाटलं असतं तर मी तेव्हाच खिडकी उघडून तुला आत बोलावलं असतं.

कात्री या पत्राबरोबर पाठवतेय. ती माझ्याकडे नको.

मावशी

ता. क. भिंग मी धरलं होतं. "टोक काही कारणाने ठेवलं असेल," असं मी एकदा म्हणालो, पण हळू आवाजात. त्याबद्दल मी सहा दिवस तिच्याशी बोललो नाही, आणि स्वतःशीही. शिक्षा दोघांना सारखी दे. — काका


२८ एप्रिल

ती. मावशी आणि काका,

मी पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा दातओठ खाल्ले. दुसऱ्यांदा इतकी हसले की शेजारच्या खोलीतली नर्स बघायला आली. तिसऱ्यांदा फ्रॉकपाशी थांबले, आणि तिथे काय झालं ते लिहीत नाही.

मावशी, ती टोकं मुद्दाम ठेवतात! तोंड सारखं ओलं असतं, दोरा फुगतो, निसटतो. टोक गाठीलगत कापलं की गाठ उलगडते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे पहिल्या दिवशी शिकवतात. तुझ्या दुकानात जो दोष, तो माझ्याकडे नियम. तू मला विचारलं असतंस तर एका ओळीत सांगितलं असतं.

आणि माझीही फजिती ऐक. आठ तारखेच्या पत्रात तू सात टाके मोजलेस, दोऱ्याचा रंग लिहिलास. ओठ ओढल्याशिवाय त्यातलं काहीच दिसत नाही. पण तू माझे टाके सुरेख म्हणालीस, मी ती ओळ घेऊन वॉर्डभर मिरवत होते, आणि बाकी काही माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

सरांना तुझं पत्र दाखवलं. रागावू नकोस, दाखवावंच लागलं, अर्जाचा मसुदा मी आधीच त्यांना वाचायला दिला होता, तो त्यांच्या टेबलावर होता. ते वाचून म्हणाले, "या बाईंना पुढच्या वेळी हात बांधून झोपवा." मग अर्ज माझ्याकडे सरकवला आणि दुसऱ्याच विषयावर बोलायला लागले. अर्ज मी फाडला.

वाहकाचं मात्र तुझ्यावर ढकलता येत नाही. त्याला काल बोलावून सगळं पुन्हा विचारलं. तो तिसऱ्या दिवशीच कामावर गेला होता आणि दिवसभर शिट्टी वाजवत होता. मी त्याला जेवणाबद्दल सांगितलं, ब्रशबद्दल सांगितलं, पण शिट्टीचं विचारलंच नाही. ती चूक माझी, आणि ती गाठीची नाही, विचारायची आहे. ती सुधारता येते. तो पुन्हा करून घ्यायला तयार आहे. म्हणाला, "या वेळी शिट्टी तुमच्याकडेच ठेवा." माझ्या कपाटात आहे.

कात्री परत पाठवतेय. तू ती माझ्याकडे टाकून पुन्हा दाताने दोरा तोडायला लागलीस तर माझ्या सगळ्या कामावर पाणी पडेल. कात्री कापडासाठी. तोंडासाठी मी.

शिक्षा: दोघांनी महिनाभर टोस्ट खायचा नाही. काकांनी चहात बुडवूनसुद्धा नाही.

टाचणी


१६ जुलै

ती. मावशी,

परवा तुला तपासलं तेव्हा गर्दीत नीट बोलता आलं नाही. ठिगळ पक्कं बसलंय. मुळं जवळजवळ झाकली गेलीत, दात आता हलत नाहीत, आणि रंगही शेजारच्या हिरडीशी बऱ्यापैकी जुळलाय. डावा कोपरा तेवढा आखडलाय आणि तिथे बारीकसा उंचवटा आहे. पंधरा मिनिटांचं काम आहे, छाटून सारखा करून देईन. येतेस का पुढच्या महिन्यात?

वाहकाला उद्या सहा आठवडे होतील. त्याचं ठिगळ गुलाबी आहे. काल शिट्टी परत दिली. त्याने माझ्यासमोर एकदा, अगदी हळू, वाजवून दाखवली. त्याच्यानंतर मी आणखी चौघांचं केलंय. बोटं गार पडत नाहीत.

टाचणी


२२ जुलै

प्रिय टाचणी,

अनेक आशीर्वाद. कोपरा राहू दे.

तुझे सर विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन माझ्या खुर्चीपाशी आले होते, आठवतंय? माझा ओठ धरून त्यांनी विचारलं, "यात दुसऱ्या हाताचं काम कुठलं, ओळखा." सगळ्या पोरापोरींनी एकदम डाव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. एकालाही विचार करावा लागला नाही. तू शरमून माझ्याकडे बघत होतीस, मला वाईट वाटेल म्हणून. त्या दोन डाव्या बाह्यांनंतर चाळीस वर्षांत माझ्या कामाला पहिल्यांदा कुणी वाकडं म्हटलं, आणि ते तुझ्या कामाशेजारी ठेवून म्हटलं. घरी येईपर्यंत गाडीत मी एकटीच हसत होते. समोरच्या बाईंनी जागा बदलली.

म्हणून तो कोपरा छाटायचा नाही. बाकीचं सगळं किती सरळ आहे, ते त्याच्यामुळेच दिसतं.

एक बातमी. काल तुझ्या काकांच्या शर्टाचं बटण तुटलं. मी कामात होते, तर त्यांनी स्वतःच लावलं. दोरा निळा, शर्ट पांढरा, आणि टोक चांगलं बोटभर लोंबतंय. ते तसेच बाहेर जाऊन आले, आज पुन्हा तोच शर्ट घातलाय. माझा हात तीनदा कात्रीकडे गेला.

टोक अजून लोंबतंय.

तुझी मावशी